तोत्सुकाच्या मैदानावरचा वस्ताद

आमच्यासारखी अनेक मराठी कुटुंबे टोकियोच्या ज्या निशी-कासाई भागात राहतात, तिथून तोझाई लाइनची गाडी पकडली की मध्ये कुठेही न बदलता थेट वासेदाला उतरता येते. इतकी वर्षे या मार्गाने जाता-येता त्या स्टेशनाचे नाव मी फक्त ऐकत आलो होतो. गेल्या शरद ऋतूत एका शनिवारी मी मुद्दाम तिथे उतरलो आणि वासेदा विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयासमोर जाऊन उभा राहिलो. जिथे हे ग्रंथालय आहे, तिथे 1987 सालापर्यंत तोत्सुका हे विद्यापीठाचे बेसबॉलचे मैदान होते, आणि त्याची खूण म्हणून बाहेर दोन अर्धपुतळे उभारले आहेत. एक आबे इसो यांचा, ज्यांनी हा खेळ या विद्यापीठात रुजवला. दुसरा तोबिता सुइशू यांचा, ज्यांनी तो मुलांच्या हाडीमाशी मुरवला. मी गेलो होतो तो या दुसऱ्या माणसासाठी.

युद्धात कामी आलेल्या खेळाडूंच्या आणि प्रशिक्षकांच्या कथा मी पुष्कळ वाचल्या आहेत. तोबितांची कथा त्यांच्या शेजारची आहे, पण तिचे दुःख निराळे आहे, कारण ते स्वतः वयाच्या 78व्या वर्षापर्यंत जगले आणि ज्यांना त्यांनी खेळाचे धडे दिले ती विशीतली मुले मात्र गेली. माझे बालपण कोल्हापूरच्या एका तालमीच्या भिंतीला लागून असलेल्या घरात गेले. पहाटे वस्तादांचा आवाज ऐकूनच आम्ही उठायचो. त्यामुळे तोबितांबद्दल वाचू लागलो तेव्हा ‘कोच’ हा शब्द मला अपुरा वाटू लागला आणि मनात आपोआप ‘वस्ताद’ हाच शब्द येऊ लागला. डाव शिकवणारा तो कोच. वस्ताद डाव शिकवतो, आणि मुलाने काय खावे, किती वाजता झोपावे, हरल्यावर मान कशी ठेवावी हेही ठरवतो. तोबिता अगदी तसे होते.

त्यांचा जन्म 1886 साली इबाराकी प्रांतात, आजच्या मितो शहराच्या हद्दीत असलेल्या एका गावी झाला. मूळ नाव तोबिता चुजुन. सुइशू हे पुढे लेखनासाठी घेतलेले नाव, आणि जपान त्यांना त्याच नावाने ओळखते. मितोच्या शाळेत बेसबॉलचे वेड लागले आणि ते वेड घेऊनच ते वासेदाला कायदा शिकायला आले. वासेदाचा बेसबॉल क्लब तेव्हा नवाच, 1901 साली स्थापन झालेला होता. क्लबचे प्रमुख आबे इसो हे ख्रिस्ती, समाजवादी आणि युद्धविरोधी प्राध्यापक. प्रतिस्पर्धी संघांना हरवलेत तर तुम्हाला अमेरिकेला नेईन, असा शब्द त्यांनी मुलांना दिला होता आणि 1905 साली तो पाळला. जपान त्या वेळी रशियाशी लढत होता. देश युद्धात असताना विद्यार्थ्यांचा एक संघ बॅटी आणि हातमोजे घेऊन पॅसिफिक ओलांडतो, 26 सामने खेळतो, त्यांतले 19 हरतो आणि नवी तंत्रे शिकून परत येतो, याचे मला फार अप्रूप वाटते. अडतीस वर्षांनी त्याच विद्यापीठाला आपल्याच अंगणात एक सामना भरवायची धास्ती वाटणार होती.

तोबिता सेकंड बेसला, म्हणजे मैदानातल्या दुसऱ्या टप्प्यापाशी क्षेत्ररक्षण करत आणि 1910 साली ते संघाचे कर्णधार होते. त्या वर्षी शिकागो विद्यापीठाचा संघ जपानला आला आणि त्याने वासेदाला एकही सामना जिंकू दिला नाही. हे पराभव काठावरचे नव्हते, पाहुण्यांनी यजमानांना अक्षरशः लोळवले होते. तोबितांनी ती जबाबदारी स्वतःवर घेतली आणि संघ सोडला. एखाद्या मालिकेतला पराभव माणसाने इतका मनाला लावून घ्यावा का, हा प्रश्न आज आपण सहज विचारू. पण ज्याने आखाड्यात चारी मुंड्या चीत होऊन घरी परतणारा पैलवान पाहिला आहे, त्याला त्या तरुणाची अवस्था समजेल. पुढची काही वर्षे त्यांनी नियतकालिकांत आणि वृत्तपत्रात लिहिण्याचे काम केले, परंतु शिकागोचे शल्य मनातून गेले नाही.

1919 साली वासेदाने त्यांना प्रशिक्षक नेमले. विद्यापीठाच्या संघासाठी पूर्णवेळ प्रशिक्षक असावा ही कल्पनाच तेव्हा जपानमध्ये नवी होती. त्यांनी आपले ध्येय कधी लपवले नाही: शिकागोला हरवायचे. त्या ध्येयापायी तोत्सुकाच्या त्या मैदानावर जो सराव सुरू झाला, त्याला लोक ‘मरणाचा सराव’ म्हणू लागले.

हा सराव कसा असे, हे जपानमध्ये राहणाऱ्या माणसाला आजही थोडेफार पाहायला मिळते. माझ्या घराजवळ अराकावा नदीच्या काठी मैदाने आहेत आणि रविवारी सकाळी तिथे शाळकरी मुलांचे संघ खेळतात. प्रशिक्षक होम प्लेटजवळ, म्हणजे फलंदाजाच्या जागेपाशी, उभा राहतो, डाव्या हाताने चेंडू हलकेच वर उडवतो आणि लगेच दोन्ही हातांनी बॅट फिरवून तो समोरच्या मुलाकडे जमिनीलगत मारतो. जपानी लोक याला ‘नोक्कू’ म्हणतात. पहिला चेंडू सरळ अंगावर येतो, दुसरा पावलाभर डावीकडे, तिसरा उजवीकडे, आणि मग हळूहळू हे अंतर इतके वाढवत नेले जाते की मुलाचा हातमोजा चेंडूपासून नेमका वीतभर लांब राहावा. मूल झेप घेते, तोंडात माती जाते, ते उठते, टोपी सरळ करते आणि ‘आणखी एक’ असे ओरडते. ते ‘आणखी एक’ ओरडणे हाही सरावाचाच भाग असतो. या पद्धतीला तोबितांनी जी धार दिली, तिचे सार चार चिनी अक्षरांत सांगितले जाते: ‘इक्क्यू न्यूकोन’, म्हणजे एकेका चेंडूत आपला जीव ओतणे. आजही जपानमधल्या किती तरी शाळांच्या क्रीडागृहांत ही अक्षरे टांगलेली दिसतात.

शिकागोचा संघ 1925 साली पुन्हा जपानला आला आणि या खेपेला वासेदाने मालिकेत त्याच्यावर मात केली. पंधरा वर्षांची सल निघाली. तोबितांनी त्यानंतर लगेच प्रशिक्षकपद सोडले. माझ्या मते त्यांचा स्वभाव सर्वांत नीट दिसतो तो या निर्णयात. ज्यासाठी हे पद घेतले ते काम झाले, आता खुर्ची अडवून बसायचे कारण नाही, असा हा सरळ हिशेब होता. पुढे ते ‘असाही’ नावाच्या वृत्तपत्रात बेसबॉलवर लिहू लागले आणि विद्यार्थी बेसबॉलच्या बाबतीत त्यांचा शब्द प्रमाण मानला जाऊ लागला. व्यावसायिक बेसबॉलला त्यांचा विरोध होता. पैशासाठी खेळला की खेळ बाटतो, असे त्यांचे मत होते, आणि ते त्यांनी अखेरपर्यंत बदलले नाही. हे मत मला पटत नाही, कारण गरीब घरातल्या गुणी मुलाला खेळातून चार पैसे मिळाले तर त्यात खेळाची विटंबना होते असे मी मानत नाही. पण त्यांची निष्ठा खरी होती, यात मला शंका नाही.

त्याच 1925 साली आणखी एक गोष्ट घडली, जिच्याशिवाय पुढची कथा समजणार नाही. वासेदा आणि केइओ ही टोकियोतली दोन मोठी खासगी विद्यापीठे. त्यांच्यातला पहिला सामना 21 नोव्हेंबर 1903 रोजी केइओच्या मैदानावर झाला आणि केइओने तो 11–9 असा जिंकला. तीन वर्षांत दोन्हीकडच्या पाठीराख्यांचा उन्माद इतका वाढला की 1906 साली हे सामने बंद करावे लागले आणि तब्बल एकोणीस वर्षे बंदच राहिले. 1925च्या शरद ऋतूत ते पुन्हा सुरू झाले आणि टोकियोच्या सहा विद्यापीठांच्या लीगचा तो सर्वांत मोठा दिवस ठरू लागला. या सामन्याला ‘सोकेईसेन’ म्हणतात. ‘सो’ वासेदाचा, ‘केई’ केइओचा आणि ‘सेन’ म्हणजे लढत. माझ्या एका जपानी सहकाऱ्याने हे अक्षर मला कागदावर लिहून दाखवले आणि सांगितले की युद्ध या शब्दातही हेच अक्षर येते.

इथे मला एका अवघड प्रश्नापाशी थांबावे लागते. तोबिता बेसबॉलला सामुराईंच्या परंपरेशी जोडत. शरीर झिजवणे, तक्रार न करणे, संघासाठी स्वतःला विसरणे, मरणाच्या दारापर्यंत सराव करणे ही त्यांची भाषा होती. आणि 1930च्या दशकात जपानचे लष्कर तरुणांशी जवळजवळ याच भाषेत बोलू लागले होते. मैदानावर ज्या मुलांना ‘जीव ओता’ असे शिकवले, त्याच पिढीकडे राज्यकर्त्यांनी खरोखरीच जीव मागितला. तोबितांना या साम्यासाठी दोषी धरावे का? मला वाटते की काही अंशी धरावे लागेल, कारण जो वस्ताद मुलांना कधीच ‘नाही’ म्हणायला शिकवत नाही, त्याची मुले इतर कोणाच्या आज्ञेलाही ‘नाही’ म्हणू शकत नाहीत. तरीही जेव्हा खरोखरीच निवड करण्याची वेळ आली, तेव्हा तोबिता कोणाच्या बाजूने उभे राहिले हे पाहिल्यावर माझा हा निवाडा सौम्य होतो.

सरकारचा विद्यार्थी बेसबॉलवरचा अंकुश 1932 सालीच सुरू झाला होता, आणि अमेरिकेशी युद्ध पेटल्यावर तर हा खेळ शत्रूचा म्हणून संशयास्पद ठरला. पंचांच्या तोंडचे इंग्रजी शब्द जाऊन तिथे जपानी शब्द आले. 1943च्या एप्रिलमध्ये शिक्षण मंत्रालयाच्या आदेशाने सहा विद्यापीठांची लीग विसर्जित करण्यात आली. आता सामने नाहीत, चषक नाही, प्रेक्षक नाहीत. केइओचे बरेच खेळाडू आपापल्या घरी परतले. वासेदाची मुले मात्र तोत्सुकाच्या मैदानावर येत राहिली. तोबिता तेव्हा 56 वर्षांचे होते, ते प्रशिक्षक नव्हते, सल्लागाराच्या नात्याने मैदानावर येत आणि सैन्याचे बोलावणे येईपर्यंत सराव चालू ठेवा असे मुलांना सांगत. जिथे जिंकायला काहीच उरलेले नाही तिथे सराव कशासाठी? एके काळी शिकागोला हरवण्यासाठी मुलांना झिजवणारा हा माणूस आता कोणालाही हरवायचे नसताना त्यांना चेंडूमागे पळवत होता. त्यांच्या साऱ्या आयुष्यातले हे महिने मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत सरकारने विद्यार्थ्यांना लष्करी सेवेतून मिळणारी सवलत काढून घेतली. विज्ञान आणि तंत्रशिक्षणाचे विद्यार्थी बहुतांशी वगळले गेले. साहित्य, कायदा, अर्थशास्त्र शिकणाऱ्या विशीच्या मुलांना वर्ग सोडून सैन्यात जावे लागणार होते. केइओच्या खेळाडूंनी आपल्या कुलप्रमुखांकडे, कोइझुमी शिन्झो यांच्याकडे, एकच मागणी केली: जाण्यापूर्वी वासेदाशी एक सामना. कोइझुमी अर्थशास्त्रज्ञ होते, खेळाचे चाहते होते, आणि आदल्याच वर्षी, 1942च्या ऑक्टोबरमध्ये, नौदलात गेलेला त्यांचा एकुलता एक मुलगा शिन्किची युद्धात मारला गेला होता. त्यांनी ही मागणी मान्य केली आणि प्रस्ताव वासेदाकडे गेला.

वासेदाच्या मुलांना आनंद झाला आणि तोबितांनी तो प्रस्ताव उचलून धरला, परंतु विद्यापीठाच्या वरिष्ठांनी नकार दिला. त्यांची भीती निराधार नव्हती. लष्कराची आणि मंत्रालयाची नजर होती, शत्रूच्या खेळासाठी हजारो तरुण एकत्र जमवले तर विद्यापीठावर काय बेतेल हे सांगता येत नव्हते. म्हणून मी त्या वरिष्ठांना भ्याड म्हणणार नाही. पण तोबिता मागे हटले नाहीत. बोलणी ताणली गेली, दिवस संपत आले, आणि शेवटी हा सामना विद्यापीठाच्या नावाने न भरवता बेसबॉल क्लबने आपल्या जबाबदारीवर, लीगच्या जिंगू मैदानाऐवजी स्वतःच्या तोत्सुका मैदानावर भरवायचे ठरले. ज्या माणसाने आयुष्यभर शिस्त आणि आज्ञापालन शिकवले, त्याने आपल्याच संस्थेची नाराजी पत्करून हे घडवून आणले.

तारीख होती 16 ऑक्टोबर 1943. मैदानाभोवतीच्या फळ्या विद्यार्थ्यांनी भरून गेल्या. कोइझुमींना पाहुण्यांच्या मानाच्या जागेवर बसण्याची विनंती झाली, तेव्हा ती नाकारून ते केइओच्या विद्यार्थ्यांमध्ये जाऊन बसले. मुलगा गमावलेला बाप त्या दिवशी कुठे बसला, एवढी एक गोष्ट जरी लक्षात राहिली तरी त्या सामन्याचे स्वरूप समजते. वासेदाने 10–1 असा विजय मिळवला. वासेदाचा सराव अखंड चालू होता आणि केइओचे खेळाडू घरून बोलावून आणलेले होते, त्यामुळे या धावसंख्येचे कोणाला आश्चर्य वाटले नाही, आणि त्या दिवशी ती कोणी फारशी मोजलीही नसावी.

खेळ संपल्यावर कोणी उठेना. वासेदाच्या मुलांनी केइओचे गीत म्हटले, केइओच्या मुलांनी वासेदाचे. ज्या दोन विद्यापीठांचे सामने पाठीराख्यांच्या भांडणामुळे एकोणीस वर्षे बंद पडले होते, त्यांची मुले एकमेकांची गाणी तोंडपाठ म्हणत होती. मग कुठून तरी एका तिसऱ्या गाण्याचे सूर उमटले आणि सारे मैदान त्यात सामील झाले. शेकडो वर्षांपूर्वीच्या काव्यातल्या ओळींवर रचलेले, सम्राटासाठी समुद्रावर आणि डोंगरात मरण पत्करण्याविषयीचे ते गाणे त्या काळी सर्वांना पाठ होते. आतापर्यंत ते समारंभांत म्हटले जाई. इथे म्हणणाऱ्या प्रत्येकाला त्यातला मरणारा माणूस कोण हे ठाऊक होते.

पाचच दिवसांनी, 21 ऑक्टोबरला, मेइजी देवस्थानाच्या बाह्य उद्यानातल्या क्रीडांगणावर भर पावसात विद्यार्थी सैनिकांना निरोप देण्याचा सरकारी सोहळा झाला. पंतप्रधान तोजो यांच्यासमोरून रायफली खांद्यावर घेतलेल्या सुमारे 25,000 विद्यार्थ्यांचे संचलन झाले. त्याची चित्रफीत आजही दाखवली जाते. चिखलातून जाणारी पावले, ओले गणवेश आणि प्रेक्षकांत उभ्या असलेल्या विद्यार्थिनी त्यात दिसतात. मी ती पाहिली तेव्हा माझी नजर नकळत एकेका चेहऱ्यावर थांबत होती आणि पाच दिवसांपूर्वी तोत्सुकाच्या मातीत कोण कोण झेपावले असेल हे शोधत होती.

वासेदाच्या त्या संघात गिफूहून आलेला कोंदो कियोशी नावाचा खेळाडू होता. तो नौदलाच्या विमानदलात गेला. 1945च्या एप्रिलच्या अखेरीस ओकिनावाच्या लढाईत, आत्मघाती हल्ल्याच्या उड्डाणावर पाठवलेल्या पथकातून तो गेला आणि परतला नाही. त्या दिवशी मैदानावर असलेले इतरही काही जण परतले नाहीत. तोबितांनी त्यांच्या बातम्या कशा ऐकल्या असतील, याची कल्पना करण्याचे धाडस मला होत नाही. आमच्या गल्लीतल्या तालमीचे एक वृद्ध वस्ताद सीमेवर गेलेल्या आपल्या पठ्ठ्याची बातमी आल्यावर कितीतरी दिवस आखाड्यात उतरले नव्हते, एवढे मला आठवते. माती खणायला मुले यायची आणि ते कठड्यावर नुसते बसून राहायचे.

कोइझुमी 1945च्या मे महिन्यातल्या हवाई हल्ल्यात गंभीर भाजले. त्यांच्या चेहऱ्यावरचे व्रण अखेरपर्यंत राहिले, आणि युद्धानंतर युवराज अकिहितोंच्या शिक्षणाची जबाबदारी याच माणसावर सोपवली गेली.

वासेदात आणखी एक गोष्ट घडली होती, जी कळल्यापासून मला सारखी आठवत राहते. बेसबॉल क्लबचे व्यवस्थापन पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने, लीग बंद पडून खेळाचे सामान दुर्मीळ होण्याच्या काळात, मिळतील तितके चेंडू आणि बॅटी जमवून ठेवल्या आणि तोही सैन्यात गेला. परत येऊन कोण खेळणार, हे माहीत नसताना त्याने हा साठा केला. युद्ध संपले, शहराची राख झाली होती, आणि वासेदाचा बेसबॉल त्या जपून ठेवलेल्या चेंडूंवर पुन्हा उभा राहिला. शरणागतीनंतर अवघ्या तीन महिन्यांनी, 18 नोव्हेंबर 1945 रोजी, अमेरिकन सैन्याच्या ताब्यात असलेल्या जिंगू मैदानावर वासेदा आणि केइओ यांचे आजी-माजी खेळाडू पुन्हा समोरासमोर आले. पुढच्या वर्षी लीग सुरू झाली. विद्यार्थी बेसबॉलची व्यवस्था मंत्रालयाच्या हाती पुन्हा जाऊ नये, ती खेळणाऱ्यांच्या आणि शिकवणाऱ्यांच्या संघटनेकडे राहावी, यासाठी जी धडपड झाली तिच्यात साठीतले तोबिता आघाडीवर होते. 1932 पासून 1943 पर्यंत सरकारी हाताने काय केले हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. 1960 साली जपानच्या बेसबॉल सन्मान दालनात त्यांचा समावेश झाला आणि 26 जानेवारी 1965 रोजी त्यांचे निधन झाले.

तोत्सुका मैदानाला 1949 साली आबे इसोंचे नाव देण्यात आले होते. मैदान मोडून तिथे ग्रंथालय आले, तेव्हा गुरूबरोबर शिष्यालाही तिथे जागा मिळाली. त्या शनिवारी मी तोबितांच्या पुतळ्यासमोर उभा होतो तेव्हा दिवस कलला होता आणि ग्रंथालयातून मुले-मुली बाहेर पडत होती. बहुतेकांचे पुतळ्यांकडे लक्षही नव्हते, आणि रोज ज्या वाटेने जायचे तिथल्या पुतळ्याकडे कोण पाहतो? तेवढ्यात एक दणकट मुलगा खांद्याला बॅटींची लांब पिशवी लावून आला. पुतळ्यासमोर येताच त्याने टोपी काढली, क्षणभर कमरेत वाकला, टोपी पुन्हा घातली आणि भरभर स्टेशनाकडे निघून गेला. वासेदाच्या संघाचे मैदान आता पश्चिमेला हिगाशी-फुशिमीला आहे.